जुन्या स्नो ब्लोअरचा गिअरबॉक्स: तेल भरण्याआधी काय पाहिलं

यंत्र आहे कॅनडातल्या ओटावाच्या एका उपनगरातलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीचा, दोन टप्प्यांचा, ८ अश्वशक्तीच्या इंजिनाचा, २४ इंच रुंदीचा स्नो ब्लोअर, म्हणजे साठलेला बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र. घर विकताना आधीचे मालक तो गॅरेजमध्येच सोडून गेले. ते घर काकांच्या मुलानं घेतलं, पण मुलाचा दिवस ऑफिसात जातो, त्यामुळे यंत्राची जबाबदारी आपोआप काकांकडे आली. काका नागपूरचे, नोकरीतून निवृत्त होऊन मुलाकडे स्थायिक झालेले. ऑक्टोबर संपता संपता त्यांचा फोन आला: "अगं, पुढच्या गिअरबॉक्समध्ये तेल कमी आहे असं शेजारी म्हणतोय. मी डबा आणून ठेवलाय. फक्त भरायचं कसं तेवढं दाखव."

या प्रश्नाचं तयार उत्तर एका ओळीचं आहे: प्लग उघडा, भोकाच्या खालच्या काठापर्यंत गिअर तेल भरा, प्लग बंद करा. उत्तर बरोबरही आहे. पण या यंत्रात तेवढंच केलं असतं तर पहिल्या-दुसऱ्या मोठ्या वादळातच गिअरबॉक्स गेला असता. तो का गेला असता आणि ते आधी कसं कळलं, हे नीट सांगावं म्हणून हे प्रकरण लिहून काढलं आहे.

हा गिअरबॉक्स करतो काय

दोन टप्प्यांच्या ब्लोअरमध्ये पुढच्या लोखंडी खोक्यात आडवा ऑगर असतो. पात्यांचे हे दोन मळसूत्री भाग बर्फ तोडून मध्यभागी ओढतात. मागे इम्पेलर असतो, तो हा बर्फ उचलून नळकांड्यातून लांब फेकतो. ऑगर आडवा फिरतो आणि इम्पेलरचा शाफ्ट पुढून मागे जातो, म्हणजे दोघांची दिशा काटकोनात. वेगही वेगळे. इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास चालतं, पट्टा आणि पुलीतून इम्पेलरपर्यंत ते साधारण हजारावर येतं आणि ऑगर फिरतो जेमतेम शंभर-सव्वाशे फेऱ्यांनी. ही काटकोनी वळण घेणारी, दहापटीच्या आसपास वेग उतरवणारी जागा म्हणजे ऑगरच्या मधोमध दिसणारा तो फुगीर गिअरबॉक्स.

आत वर्म, म्हणजे मळसूत्र कापलेला दांडा, आणि त्यात दात अडकवून फिरणारं चाक, म्हणजे वर्म व्हील असतं. वर्म पोलादी, इम्पेलरच्या शाफ्टवरच कापलेला. व्हील बऱ्याच जुन्या यंत्रांत कांस्याचं, म्हणजे आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला सरसकट गनमेटल म्हणतात त्या जातीच्या धातूचं. मी शिकत असताना कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी व्हील्स कातताना पाहिली आहेत. त्या वेळी ती लिफ्टच्या आणि हॉइस्टच्या गिअरबॉक्ससाठी जात. साध्या दातेरी चाकांत दात एकमेकांवर बऱ्याच अंशी लोळतात, वर्ममध्ये मात्र ते सतत घसरतात. घसरण म्हणजे घर्षण आणि उष्णता, म्हणून एक धातू मऊ ठेवतात आणि दोघांमध्ये तेलाचा थर कायम राहील असं बघतात. तो थर तुटला की मऊ धातू झिजतो. पोलादी वर्म तसाच चकचकीत राहतो आणि चाकाचे दात पातळ होत जातात, बाहेरून काहीच न दिसता.

वर्मची आणखी एक खासियत या प्रकरणात कामाला आली. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला सहसा उलटं फिरवू शकत नाही. त्यामुळे ऑगर हातानं हलवून बरंच काही कळतं.

ओटावात वर्षाला दोन मीटरच्या वर बर्फ पडतो. पण यंत्राचे खरे हाल होतात ते ड्राइव्हवेच्या तोंडाशी. रस्ता साफ करणारा नांगर तिथे मीठ मिसळलेल्या, दाबून बसलेल्या बर्फाचा बांध घालून जातो. रात्रीत तो दगड होतो. सगळा मार तिथे बसतो, ऑगर, शिअर पिन (ऑगर शाफ्टला जोडणारा मऊ बोल्ट) आणि गिअरबॉक्स या क्रमानं.

सपाट जागा, आणि मगच पातळी

पहिलं काम स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधणं आणि किल्ली खिशात टाकणं. इंजिन बंद आहे म्हणून ऑगरच्या पात्यांत हात घालायचा नाही. अशा जागी हाताला होणारी इजा कायमची असते आणि वायर काढायला एक मिनिटही लागत नाही.

मग यंत्र सपाट उभं आहे का ते पाहिलं. काकांना ते सपाट वाटत होतं. खोक्याच्या वरच्या कडेवर पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका बाजूला पळालेला. डाव्या टायरमध्ये हवा कमी होती. गिअरबॉक्समध्ये तेल असतं फारतर कपभर, त्यामुळे एवढा कल पातळी चुकवायला पुरतो. भोक उंच बाजूला आलं तर तेल असूनही कमी दिसतं आणि माणूस जास्त भरून ठेवतो. दोन्ही टायरांत सारखी हवा भरली, खालच्या सरकपट्ट्या जमिनीला टेकवल्या, पाणसळ पुन्हा ठेवली.

प्लग बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कवचावर, चाकाच्या मध्याच्या थोडा वर, मागच्या बाजूला होता. त्याच्यावर रंगाचे थर. त्याला पाना लावण्याआधी भोवतालचा गंज आणि रंग तारेच्या ब्रशनं घासून, फुंकून, चिंधीनं पुसून काढला. उघडताच जे सैल असेल ते आत पडतं आणि आत पडलेला गंजाचा कण वर्म आणि चाकामध्ये भरडला जातो. प्लगवर गंज सोडवणारं तेल रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी नीट बसणाऱ्या सॉकेटनं आधी किंचित आवळून मग सोडवला. बीडाचे आटे ठिसूळ असतात. इथे हातोडा किंवा धक्का देणारी गन चालवली तर कवचालाच तडा जायचा.

आतली पातळी मोजायला वाकवलेली स्वच्छ तार घातली. योग्य भरलेल्या अशा गिअरबॉक्समध्ये तेल भोकाच्या काठाशी दिसतं, बोट घातलं तर ओलं होतं. इथे तारेचं फक्त टोक भिजलं. आणि त्या टोकावर जे होतं त्याचा रंग दुधाळ करडा होता.

काका डबा उघडायला निघाले होते. "कमी आहे ना? मग घालून टाक की." मी म्हटलं, "काका, आता भरायचं नाही. आधी आहे ते सगळं काढायचं."

जुनं तेल काय सांगतं

दुधाळ रंग म्हणजे तेलात पाणी मिसळलंय. त्यावर नवीन तेल ओतलं तर पातळी दिसायला बरोबर होते, पण खाली पाणी तसंच राहतं. ओटावात जानेवारीच्या रात्री उणे २५ पर्यंत उतरतात. खाली साठलेलं पाणी गोठतं, फुगतं, चाकाच्या खालच्या दातांना धरून बसतं. सकाळी क्लच दाबला की इंजिनाची सगळी ताकद त्या धरलेल्या चाकावर येते. तो बर्फ सुटला नाही तर दात सुटतात.

या कवचाला तळाशी तेल काढायचं भोक नाही, असल्या बऱ्याच गिअरबॉक्सना नसतंच. उपाय दोन: यंत्र नाकावर उभं करून ओतणं, किंवा सिरिंजला बारीक नळी लावून ओढणं. उभं करायचं तर पेट्रोलची टाकी रिकामी हवी आणि इंजिनातलं तेल सिलिंडरमध्ये जाण्याची धास्ती. आम्ही सिरिंज घेतली. गॅरेजमध्ये थंडी होती आणि ते मिश्रण नळीतून येईना, म्हणून कवचाला केस वाळवायच्या ड्रायरनं लांबून ऊब दिली. ज्योत अजिबात नाही. सील रबरी असतात आणि शेजारी पेट्रोल असतं. नळी आधी थेट तळाशी नेली, कारण पाणी जड, ते खाली बसतं. पहिल्या दोन-तीन पिचकाऱ्यांत जवळजवळ नुसतं गढूळ पाणीच आलं.

सगळं मिळून ९० मिलिलिटरच्या आसपास निघालं, पाण्यासकट. ते काचेच्या बरणीत ठेवलं आणि रात्रभर स्वयंपाकघराच्या उबेत. (काकूंनी बरणीवर मोठ्या अक्षरांत "तेल, हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली, ते योग्यच होतं.) सकाळी तीन थर दिसले: तळाला पाणी, वर अजून दुधाळ असलेलं तेल, आणि त्या दोघांच्या सीमेवर सोनेरी चकाकणारी बारीक पूड. दुधाळपणा हवेच्या बुडबुड्यांमुळेही येऊ शकतो, म्हणून वरच्या थराची खात्री करून घेतली. अंगणात जुना चमचा तापवून त्यावर एक थेंब टाकला. तो तडतडला. पाणी नसलेलं तेल असं तडतडत नाही, नुसतं पसरून धुरकटतं. ही चाचणी करताना चष्मा घालायचा आणि एकाच थेंबावर थांबायचं.

आता ती पूड. बरणीच्या बाहेरून लोहचुंबक फिरवलं. सोनेरी कण हलले नाहीत. चुंबकाला काळं, केसासारखं काही चिकटून वर आलं नाही. म्हणजे पोलादी वर्म शाबूत आहे, झिजतंय ते कांस्याचं चाक. पूड बोटावर चोळून पाहिली तर पिठासारखी मऊ, तुकडे नव्हते. पातळ पापुद्रे किंवा खड्यासारखे कण असते तर दात तुटायला लागले असं समजून मी गिअरबॉक्स तिथल्या तिथे उघडला असता. पुडीचा अर्थ निराळा: बरीच वर्षं झीज होत आली आहे, आणि अलीकडे ती कमी तेलात झाली आहे.

ऑगर हलवून पाहणं

तेलानं झीज दाखवली, पण ती किती ते दाखवलं नाही. त्यासाठी मागून इम्पेलरच्या पात्यात लाकडी ठोकळा अडकवून तो धरून ठेवला आणि पुढून ऑगर मागेपुढे हलवला. थोडा खेळ सगळ्याच वर्ममध्ये असतो. इथे पात्याच्या टोकाशी तो जाणवण्याइतका होता, पण प्रत्येक जागी सारखा. इम्पेलर थोडाथोडा पुढे सरकवत ऑगरची पूर्ण फेरी तपासली. एखाद्या ठिकाणी खेळ एकदम वाढला असता किंवा खडखडला असता तर तिथला दात गेलेला. तसं झालं नाही. चाक पातळ झालंय, पण सगळीकडून सारखं.

यानंतर जे सापडलं तेच या प्रकरणातलं खरं दुखणं होतं.

ऑगरचे दोन्ही भाग शाफ्टवर सैल बसवलेले असतात. शाफ्टला त्यांना जोडते ती फक्त शिअर पिन, मुद्दाम मऊ ठेवलेला बोल्ट. दगड किंवा गोठलेलं काही अडकलं की पिन तुटते, ऑगर थांबतो, शाफ्ट मोकळा फिरतो आणि गिअरबॉक्स वाचतो. या यंत्रात त्या जागी जे बोल्ट होते त्यांच्या डोक्यावर सहा रेघा होत्या. इंच मापाच्या बोल्टांत सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, कडक पोलाद. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, आणि मऊ ग्रेड २ चं डोकं सपाट, खूण नसलेलं. पूर्वी कुणीतरी वारंवार तुटणाऱ्या पिनांना कंटाळून "न तुटणारे" बोल्ट बसवले होते. न तुटणारा बोल्ट तुटणं पुढे ढकलतो, आणि पुढे आहे गिअरबॉक्स.

ते बोल्ट काढले. डावा भाग हातानं गरकन फिरला. उजवा हलला नाही. बोल्ट नसतानाही तो शाफ्टला गंजानं धरलेला होता. म्हणजे उजव्या बाजूला अगदी योग्य मऊ पिन लावली असती तरी तिचा उपयोग शून्य होता. ती तुटली तरी गंज ऑगरला शाफ्टसोबतच फिरवत राहिला असता. शेजाऱ्यानं तेल कमी असल्याचं सांगितलं होतं, ते खरंच होतं. पण चाकावर येणारा प्रत्येक धक्का थेट दातांवर पोचतोय, हे प्लगच्या भोकातून दिसत नाही. त्यासाठी बोल्ट काढावे लागतात.

उजवा भाग सोडवायला बरेच दिवस गेले आणि त्यात कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागली. बोल्टच्या भोकातून आणि दोन्ही टोकांकडून गंज सोडवणारं तेल रोज सोडायचं, शाफ्टवर लाकडी मोगरीनं हलके ठोके द्यायचे, ऑगर दोन्ही दिशांना दाबून पाहायचा. पात्याला पाइप लावून जोर करायचा मोह टाळला, कारण पातं वाकलं की ते खोक्याला घासत राहतं. सील जवळ असल्यामुळे इथेही ज्योत वापरली नाही. एका संध्याकाळी काकांनीच सवयीनं हलवून पाहिला आणि तो केसभर सरकला. त्यानंतर अर्ध्या तासात तो पूर्ण फिरला. मग ग्रीसच्या निपलातून बंदुकीनं ग्रीस भरलं, पिना काढलेल्या ठेवूनच, ऑगर हातानं फिरवत फिरवत. त्याशिवाय ग्रीस शाफ्टभर पसरत नाही. आधी तांबडा गंज बाहेर आला, मग तपकिरी ग्रीस, मग स्वच्छ. शेवटी नव्या मऊ पिना बसवल्या आणि जास्तीचा जोड हँडलला टांगलेल्या पिशवीत ठेवला.

पाणी आलं कुठून

ऑगरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. तिथे ऑइल सील असतात, म्हणजे शाफ्टला ओठासारख्या कडेनं घट्ट टेकून तेल आत ठेवणाऱ्या रबरी कड्या. या सीलांवर बर्फ दाबून बसतो, काम झाल्यावर यंत्र गॅरेजमध्ये येतं, बर्फ वितळतो आणि सील पाण्यात भिजत राहतो. त्यात गिअरबॉक्स कामानं तापलेला असतो. थंड होताना आतली हवा आकसते आणि कडक झालेल्या सीलच्या ओठातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी तापला की हवा फुगते, थोडं तेल बाहेर जातं. एका हिवाळ्यात हे कितीतरी वेळा होतं. जमिनीवर तेलाचा डाग पडेलच असं नाही, कारण तेल बर्फावर उडून जातं. काका म्हणत होते, "खाली कधी थेंब दिसला नाही, मग गेलं कुठे?" ते असंच गेलं.

यावर साधा उपाय म्हणजे काम संपलं की ऑगर मिनिटभर मोकळा फिरवून बर्फ झटकणं आणि गिअरबॉक्सभोवतीचा उरलेला बर्फ ब्रशनं काढणं, तेही इंजिन बंद करून आणि सगळं थांबल्यावर.

कुठलं तेल

काकांनी आणलेला डबा ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक गिअर तेलाचा होता, एपीआय जीएल-५. पहिला आकडा दाटपणाचा, जीएल हा गिअर तेलाचा वर्ग. मोटारीच्या डिफरन्शियलसाठी ते उत्तम. इथे ते का वापरलं नाही, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण या मुद्द्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात.

जीएल-५ तेलात प्रचंड दाबाखाली दात वाचवण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं भरपूर असतात. पोलादावर ती उपकारक आहेत. तांब्याच्या मिश्रधातूंवर, म्हणजे पितळ-कांस्यावर, काही तेलांतली क्रियाशील गंधक-संयुगं हळूहळू क्षरण करतात, विशेषतः तेल तापतं तेव्हा. जीएल-४ मध्ये ही संयुगं साधारण निम्मी. आजची अनेक जीएल-५ तेलं तांब्याच्या पट्टीची चाचणी चांगल्या गुणांनी पास होतात आणि त्यांनी काही बिघडत नाही, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं चूक नाही. ब्लोअरचा गिअरबॉक्स लॉरीच्या डिफरन्शियलइतका तापतही नाही. काही उत्पादक तर आपल्या यंत्रांच्या ऑगर गिअरबॉक्ससाठी जीएल-५ च सांगतात. तुमच्या यंत्राच्या पुस्तकात तसं असेल तर तेच वापरा. पण ज्या चाकाचे दात आधीच पातळ झालेत, जे कांस्याचं आहे हे पुडीनं सिद्ध झालंय, आणि ज्याच्या पुस्तकात फक्त एसएई ९० गिअर तेल एवढंच लिहिलंय, तिथे कपभर तेलासाठी धोका घेण्यात मला अर्थ दिसत नाही. जीएल-४ घेतलं.

दाटपणाचं गणित वेगळं. आकड्यातला डब्ल्यूच्या आधीचा भाग थंडीतलं वागणं सांगतो: ८५डब्ल्यूची कसोटी उणे १२ अंशांना लागते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. थंडीत तेल फार दाट झालं की गोठलेल्या तुपात चमचा फिरवल्यावर खड्डा तसाच राहतो, तसं चाक तेलात आपल्यापुरती वाट कापतं आणि तेल परत दातांवर येतच नाही. पातळी बरोबर असूनही दात कोरडे. मुंबई-पुण्याच्या हवेत हा प्रश्न येत नाही, इथे येतो. म्हणून ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४. गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी तसं तेल मिळतं.

आणि हो, गिअर तेलाचे आकडे इंजिन तेलाच्या पट्टीवर वाचायचे नाहीत. गिअरचं ९० हे दाटपणानं इंजिनच्या ४०-५० च्या आसपास बसतं. ९० पाहून "हे फारच घट्ट" म्हणून इंजिनात घालायचं ५डब्ल्यू-३० गिअरबॉक्समध्ये ओतणारे लोक भेटतात. ते तेल या कामासाठी पातळ पडतं.

काकांची दुसरी सूचना होती ग्रीस भरून टाकण्याची, म्हणजे गळायचा प्रश्नच मिटेल. काही उत्पादकांचे ॲल्युमिनियमचे गिअरबॉक्स कारखान्यातूनच अर्धद्रव ००-ग्रीस भरून येतात, त्यांना तेलाचा प्लगही नसतो. तिथे ते योग्य आहे. पण तेलासाठी बनवलेल्या बीडाच्या गिअरबॉक्समध्ये साधं घट्ट ग्रीस घातलं तर ते कडेला फेकलं जातं आणि तिथेच राहतं. ००-ग्रीस ही गळक्या गिअरबॉक्सची शेवटची सोय आहे. सील बदलता येत असताना तिच्याकडे जायची घाई नको.

भरणं

आधी थोडं स्वस्त गिअर तेल घालून, इम्पेलर हातानं फिरवत ऑगर बऱ्याच फेऱ्या चालवला आणि ते सिरिंजनं ओढून काढलं. दुसऱ्या वेळेस निघालेलं तेल स्वच्छ पिवळं होतं. मग खरं तेल, खोलीच्या उबेत ठेवलेलं, सिरिंजनंच आणि सावकाश. दाट तेल हवा अडकवतं. घाईत भरलं की भोकातून बाहेर येतं आणि भरल्यासारखं वाटतं. भोकाच्या खालच्या आट्यापर्यंत आलं तेव्हा थांबलो, ऑगर हातानं फिरवला, थोडा वेळ दिला. पातळी खाली गेली. पुन्हा भरलं. एकूण साधारण २०० मिलिलिटर बसलं, म्हणजे आधीच्या पाण्यासकट मिश्रणाच्या दुपटीहून जास्त. प्लग साफ करून, आट्यांना सीलंट लावून, बेतानं आवळला. निमुळत्या आट्यांचा प्लग जितका आवळाल तितका पाचरीसारखा आत जातो आणि बीड फाटतं.

काकांनी विचारलं, मागच्या खोक्यातही तेल घालायचं का. तिथे यंत्राच्या टायरांना वेग देणारी फ्रिक्शन डिस्क असते, धातूच्या तबकडीवर घासत फिरणारं रबरी कडं. ती कोरडी राहायला हवी. तिथे तेलाचा एक ओघळ गेला तरी यंत्र बर्फात जागच्या जागी घसरत बसतं.

जुनं तेल नाल्यात किंवा कचऱ्यात नाही टाकलं. बरणी झाकून म्युनिसिपालिटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिली.

हिवाळा, आणि मे महिना

सील जुनेच होते. ते बदलायला ऑगर, इम्पेलर आणि गिअरबॉक्स सगळं बाहेर काढावं लागतं, आणि नोव्हेंबर लागला होता. म्हणून ठरवलं की हा हिवाळा पातळीवर लक्ष ठेवून काढायचा आणि उन्हाळ्याआधी उघडायचं. दर मोठ्या बर्फानंतर काका प्लग उघडून तार घालून पाहत. जानेवारीत पातळी थोडी उतरली, दोन-तीन चमचे तेल लागलं. रंग स्वच्छच होता. डाव्या सीलशी ओलसर तेलकटपणा दिसत होता, त्यामुळे चोर कुठला तेही कळलं.

फेब्रुवारीत ड्राइव्हवेच्या तोंडाशी, बांधात गाडलेलं जाहिरातपत्रकांचं पुडकं ऑगरमध्ये गेलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, गोठून विटेसारखं घट्ट झालेलं. कट् असा आवाज आला आणि उजवा भाग थांबला. काकांनी इंजिन बंद केलं, वायर काढली, पुडकं सोडवलं, पिशवीतली पिन लावली आणि काम पुरं केलं. फोनवर सांगताना त्यांचा आवाज खुशीत होता: "पिन तुटली, बाकी सगळं ठीक!" उजवी बाजू. गंजलेली होती तीच.

मे महिन्यात गिअरबॉक्स बाकावर आला. कवचाचे दोन भाग उघडले तेव्हा वर्म आरशासारखा होता. चाकाचे दात एका अंगानं झिजून टोकाकडे निमुळते झाले होते. ऑगर एकाच दिशेला फिरतो, त्यामुळे भार कायम दाताच्या त्याच अंगावर येतो. एकही दात मोडलेला नव्हता, मुळाशी तडा नव्हता. दोन्ही सील इतके कडक की पेचकसानं टोचल्यावर फुटले. डावीकडे सीलच्या ओठानं शाफ्टवर नखाला लागेल एवढी खाच पाडली होती. नुसता नवा सील त्याच खाचेवर बसवला असता तर तोही गळला असता. शाफ्ट बारीक पॉलिश कागदानं साफ करून नवा सील दीड-दोन मिलिमीटर आत बसवला, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागेवर येईल. कवचात तेवढी जागा होती. नसती तर शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी लागली असती. नवा गॅस्केट लावला, बोल्ट आलटून पालटून सारखे आवळले आणि पुन्हा तेच जीएल-४ भरलं.

चाक बदलावं का, यावर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. नवं कांस्याचं चाक मिळतं, पण त्याची किंमत या वयाच्या यंत्राच्या किमतीजवळ जाते. माझं मत असं पडलं की मऊ पिना, मोकळा ऑगर आणि पाणी नसलेलं तेल या तिन्ही गोष्टी सांभाळल्या तर हे चाक अजून बरेच हिवाळे काढेल. बदलायची वेळ आली की ती दोन ठिकाणी दिसेल: तेलात पुडीऐवजी पापुद्रे, आणि फेरीत एका जागी वाढलेला खेळ. काकांनी दोन्ही गोष्टी गॅरेजच्या भिंतीवरच्या कागदावर मराठीत लिहिल्या, त्याखाली मुलासाठी इंग्रजीत, आणि पिनांचं माप शेवटच्या ओळीत.